बांधावरची चित्रकला, अर्थात परभणी जिल्ह्यात तण कसे रेखाटावे

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे का म्हणतात, याचे परभणीत जितकी माणसे तितके खुलासे मिळतात. या मार्गदर्शिकेपुरता एकच खुलासा ग्राह्य धरला आहे. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूरर नावाच्या चित्रकाराने १५०३ साली गवताचा एक तुकडा रंगवला. त्यात राजा नाही, देवदूत नाही, फुलदाणी नाही. ओलसर माती, तिच्यातून वर आलेली गवताची पाती, मध्येच रुंद पानांची दोन-चार रानटी रोपटी. आपल्याकडे ज्याला सकाळी सकाळी खुरपे लागले असते असा सगळा ऐवज. ते चित्र आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे आणि उजेडाने रंग उडू नयेत म्हणून क्वचितच लोकांसमोर मांडतात. तणाचे चित्र काढण्यातला जगाचा वाटा जर्मनीने असा उचलला. भारताचा वाटा कोणाकडे येतो ते म्हणीतच सांगितले आहे.

प्रस्तुत मार्गदर्शिका त्यासाठी. ती वापरायला चित्रकलेची पूर्वतयारी लागत नाही. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील तर उलट थोडी अडचणच होईल, कारण त्या परीक्षांच्या स्मरणचित्रात महाराष्ट्रातल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी एकच झाड काढले आहे: तपकिरी खोड आणि त्यावर हिरवा ढग. त्या झाडाला पान नाही, काटा नाही, शेंग नाही. त्याला कोणत्याच हंगामात काही होत नाही. ते आधी विसरावे लागते.

रानफुले म्हटली की माणसे कासच्या पठाराकडे निघतात. २०१२ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. आता हंगामात तिथे आगाऊ नोंदणी करून, पैसे भरून, ठरलेल्या वाटेवरून फुले बघावी लागतात. परभणीत असली काही भानगड नाही. इथे तिकीट लागते ते फक्त एसटीचे, आणि झाड बसस्टँडच्या कुंपणापासूनच सुरू होते.

साहित्य

एचबी आणि टूबी अशा दोन पेन्सिली, एक शार्पनर, न आखलेली छोटी वही. वहीला पुठ्ठा जाड हवा. एसटीत टेबल म्हणजे आपली मांडी आणि कधीकधी शेजारच्याची पिशवी. खोडरबर नेऊ नये. रबर हातात असला की नवशिका एकच पान तीन वेळा पुसतो, तोवर बस सुटते किंवा शेळी येते. रंगपेटी न्यायची तर सर्वांत लहान न्यावी. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर असतो आणि कुंचल्यातला रंग कागदाला टेकण्याआधीच विचार बदलतो. पाण्याची बाटली मात्र मोठी हवी, ती रंगासाठी नाही.

काय नेऊ नये, ही यादी जास्त महत्त्वाची आहे. मोजमापाची टेप नको. क्लिपबोर्ड नको. गळ्यात लटकणारे ओळखपत्र नको. काखेत फाईल तर चुकूनही नको. कारण 'प्रेक्षक' या प्रकरणात येईल. झाडाची उंची मोजायची असेल तर वीत आहे, पानाची लांबी मोजायची असेल तर बोट आहे. आपल्या बोटाचे पेर किती लांब ते घरी एकदा पट्टीवर बघून ठेवले की आयुष्यभराचे माप खिशात राहते.

पादत्राणांबद्दल मतभेद आहेत. परभणीची जमीन गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्यातली काळी, कापसाची. पावसाळ्यात बूट घालून तिच्यात उतरलेला माणूस पलीकडच्या धुऱ्याला पोचतो तेव्हा चार बोटे उंच झालेला असतो. चप्पल घातली तर माणूस पुढे जातो, चप्पल मागे राहते. अनवाणी गेले तर सराटा आहे. सुज्ञाने पावसाळ्यात डांबराची कड सोडू नये.

वाहन

प्रवासात चित्र काढायचे म्हणजे दोन वेगळी शास्त्रे शिकावी लागतात, चालत्या गाडीचे आणि थांबलेल्या गाडीचे.

चालत्या एसटीतून एका झुडपाला मिळतात सुमारे तीन सेकंद. तेवढ्यात सगळे झाड बघायला जाणारा काहीच बघत नाही. एकच प्रश्न ठरवून खिडकीशी बसावे. उदाहरणार्थ, परभणीहून जिंतूरकडे जाताना फक्त बाभळी बघायच्या: फुलांचा गोळा की शेपटी? आपल्या जुन्या बाभळीची फुले म्हणजे पिवळे गोल गोंडे, आणि शेंग दर दोन बियांमध्ये आवळलेली. वेड्या बाभळीला फिकट पिवळ्या-हिरवट लांब तुरे लोंबतात आणि शेंगा सरळसोट असतात. पहिली इथलीच. दुसरी अमेरिकेची, सरपणाला म्हणून आणली आणि मग कोणाच्या बापाला आवरली नाही. गोळा असेल तर वहीत वर्तुळ, शेपटी असेल तर रेघ. जिंतूर येईपर्यंत वहीचे पान भरते. चित्र म्हणून त्याला किंमत नाही, पण रस्त्याच्या कडेला कोणाचे राज्य आहे ते एका नजरेत दिसते.

थांबलेली गाडी म्हणजे रेल्वे. मनमाडकडून परभणीकडे येणारा लोहमार्ग बराचसा एकेरी. समोरून गाडी यायची असली की आपली गाडी एखाद्या छोट्या स्टेशनात उभी राहते. लोक या वेळेला 'क्रॉसिंग' म्हणतात आणि शिव्या देतात. रेखाटनकाराने तिला तासिका म्हणावे. मानवत रोड, सेलू, पेडगाव, कुठेही थांबा, फलाटाच्या फरशीच्या फटीत काहीतरी उगवलेले असतेच. खाली उतरून रुळांत शिरू नये. तिथली झाडेही फलाटावरून दिसतात तेवढीच काढावीत. अर्धवट राहिलेले चित्र कोणत्याही पूर्ण चित्राइतकेच प्रामाणिक असते, त्यावर फक्त 'गाडी सुटली' असे लिहावे.

पहिले झाड

पहिले झाड एकदांडी. हिला दगडीपालाही म्हणतात. खरचटले की हिचा पाला चुरून लावतात. हीही मूळची अमेरिकेचीच, पण आता तिला परकी म्हणायची कोणाची छाती नाही. निवडण्याचे कारण एवढेच की ती कुठेही असते, वर्षभर फुलते आणि तिची रचना नवशिक्याला धीर देते: जमिनीसरपट अंग, समोरासमोर दातेरी केसाळ पाने आणि मधूनच उठलेला लांब एकटा दांडा, त्याच्या टोकाला एक फूल.

आधी दांडा काढा. नवशिके फुलापासून सुरुवात करतात, मग दांड्याला वहीत जागा उरत नाही आणि एकदांडीची बिनदांडी होते. दांडा पानांच्या मानाने किती उंच आहे ते पेन्सिल डोळ्यासमोर धरून मोजा. तो तुम्हाला वाटतो त्याच्या दुप्पट असतो. मग फुलाकडे या. कडेला फिकट पिवळसर-पांढऱ्या मोजक्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दात. आता मधला पिवळा भाग डोळे बारीक करून बघा: तो एक भाग नाही, दाटीने बसलेली बरीच छोटी फुले आहेत आणि कडेची प्रत्येक 'पाकळी' हेसुद्धा एक स्वतंत्र फूल आहे. म्हणजे एक फूल काढायला बसलेल्या माणसाने नकळत चाळीस-पन्नास फुले अंगावर घेतलेली असतात. इथे बरेच विद्यार्थी वही मिटतात. मिटू नये. मधे टिंबे द्यावीत आणि पुढच्या झाडाकडे जावे. ड्यूररही कुठेतरी थांबलाच असेल.

दुसरे झाड तरोटा. पळसाला पाने तीनच, हे प्रत्येक मराठी माणूस जाणतो. तरोट्याला पानांच्या तीन जोड्या, हे मात्र काढून बघेपर्यंत लक्षात येत नाही. टोकाकडची जोडी सर्वांत मोठी. पिवळे फूल, खाली वाकलेली लांब बारीक शेंग. पहिल्या पावसाची कोवळी पाने भाजीला जातात, म्हणून जूनमध्ये तरोटा काढायचा तर कोणी खुडायच्या आधी काढा. आणि संध्याकाळी काढायला बसू नका. सूर्य कलला की तरोट्याची पाने जोडीजोडीने मिटतात. चित्र सुरू करताना पसरलेले झाड होते आणि संपवताना समोर हात जोडून उभे, असा प्रकार होतो. हा झाडाचा नित्यक्रम आहे, तुमच्या कलेवरची टीका नाही.

केना याच्या उलट. त्याचे निळे फूल सकाळचे. दोन पाकळ्या मोठ्या, एक लहान, आणि ऊन चढले की सगळा कारभार बंद. सावकाश चहा घेऊन येतो म्हणणाऱ्याला केना भेटत नाही. भजी करणाऱ्याला भेटतो, पाने दिवसभर असतात. केन्याची खरी गंमत जमिनीखाली आहे. वरच्या निळ्या फुलांशिवाय त्याला मातीत, बुडाशी, न उमलणारी फिकट फुले येतात आणि तिथेच बी धरते. वरचे सगळे शेळीने खाल्ले, खुरप्याने कापले, तरी खालचा संसार चालू. म्हणून केना काढताना वहीच्या पानाचा खालचा तिसरा भाग मोकळा ठेवा. एखादे रोप खुरपून बाजूला टाकलेले मिळाले तर उचला आणि मुळाशी काय आहे ते बघून तिथे भरा.

आघाडा काढायला सोपा, न्यायला त्याहून सोपा. तो आपोआप पँटला चिकटून घरी येतो. लांब तुऱ्यावर वरची फुले सरळ, खालची उमलून गेलेली देठाला चिकटून खाली तोंड केलेली. ही दिशा चुकली की चित्र लव्हाळ्याचे की ज्वारीचे असा वाद होतो. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा गंगाखेड, सेलू, पाथरी, कुठल्याही गावच्या बाजारात पोरे आघाडा-दुर्वांच्या जुड्या विकायला बसतात. एरवी वर्षभर जे कोणी फुकट नेत नाही, ते त्या दिवशी पैसे मोजून मिळते. रेखाटनकाराने हा दिवस चुकवू नये. झाड निवडून, स्वच्छ करून, फांदी न मोडता, सावलीत बसून काढायला मिळण्याची ही वर्षातली एकमेव संधी.

रुईबद्दल इशारा आहे. पाने जाड, पांढुरकी, समोरासमोर, आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात. फुलाच्या मधोमध कोरीव मुकुट. काढायला इतके देखणे झुडूप रस्त्याकडेला दुसरे नाही. पण फांदी मोडली की चीक येतो, आणि तो बोटावर राहून डोळ्याला लागला तर डॉक्टर गाठावा लागतो. मोडू नये, उभ्याची काढावी. शनिवारी तर हातच लावू नये. मारुतीच्या माळेसाठी आलेली माणसे आपल्याला रांगेतले समजतात.

बाकीची झाडे भराभर. सराटा शोधावा लागत नाही, तळपाय शोधतो. बेशरम ओढ्याकाठी, बदामाच्या आकाराचे पान आणि जांभळट नरसाळे. दहा वर्षांच्या पोराला जमते. घाणेरीचे बोंड काढताना रंग जपून भरा, एकाच गुच्छात नवी फुले पिवळी आणि जुनी गुलाबी असतात. पिवळा धोतरा, म्हणजे बिलायत, दिसायला खानदानी. पण त्याचे बी मोहरीत मिसळले गेले आणि त्या तेलाने १९९८ मध्ये दिल्लीत माणसे मेली, हे काट्यांकडे बघताना आठवावे. गाजरगवत वाऱ्याच्या उलट बाजूला बसून काढावे, ज्यांना त्याचे वावडे आहे त्यांनी ते फोटोवरूनसुद्धा काढू नये. गावात त्याला 'काँग्रेस' म्हणतात. १९५० च्या दशकात ते पुण्यात प्रथम दिसले आणि परदेशी गव्हाबरोबर आले असे सांगतात, त्यावेळी सरकार काँग्रेसचे होते, एवढ्यावर हे नाव पडले म्हणतात. पक्ष येतात जातात, गवत आहे तिथेच आहे. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये, जिंतूरच्या डोंगराळ भागात, नेमगिरीच्या वाटेवर. त्याबद्दल कवींनी इतके लिहिले आहे की नवशिक्याने फक्त फुलाच्या बुडाशी असलेली काळपट मखमली वाटी नीट काढावी. कवी ती विसरतात.

आणि गवत? कुंदा, हरळी, लव्हाळा? पहिल्या वर्षी गवताला हात लावू नये. ते काम जर्मनीवर सोपवावे.

शेळी

चित्र चालू असताना शेळी येऊन अर्धी फांदी खाऊन गेली तर काय करावे? उरलेली फांदी काढावी. १५३० मध्ये ओटो ब्रुनफेल्सच्या वनस्पतिग्रंथासाठी हान्स वाइडिट्झ या चित्रकाराने कोमेजलेली पाने कोमेजलेलीच आणि किडीने खाल्लेली पाने भोकांसकट काढली. पुन्हा जर्मनीच. आपल्या बाजूने भर एवढीच घालता येते की कोणते झाड शेळी खाते आणि कोणते हुंगून सोडते, ही नोंद वहीत ठेवावी. तरोटा ती मोठा झाल्यावर सोडते. रुईला तोंड लावत नाही. वेड्या बाभळीच्या शेंगा आवडीने खाते आणि लेंड्यांतून गावभर पेरते. झाड आज जिथे उभे आहे ते तिथे का आहे, याचा उलगडा अशा नोंदीतून होतो.

प्रेक्षक

हे प्रकरण इतर मार्गदर्शिकांत सापडत नाही. त्या मोठ्या शहरांत लिहिल्या जातात, जिथे रस्त्याकडेला वाकलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही. परभणी जिल्ह्यात वही उघडून शेताकडे टक लावून उभ्या असलेल्या माणसाचा अर्थ ठरलेला आहे: सरकार आले. प्रश्न एवढाच की कोणत्या खात्याचे.

"काय करायलाव साहेब?"

इथे उत्तराला उशीर झाला की तुमचे खाते समोरचाच ठरवतो. पीक विम्याचे ठरलात तर हाताला धरून पिवळे पडलेले सोयाबीन दाखवले जाते आणि वेळेत कळवले होते, तरी कोणी आले कसे नाही, याचा जाब तुम्हाला द्यावा लागतो. पंचनाम्याचे ठरलात तर पडलेली भिंत बघायला गावात जावे लागते. रस्त्याचे ठरलात तर विचारूच नका; समृद्धीला जोडणारा जालना-नांदेड महामार्ग याच जिल्ह्यातून आखलेला आहे, आणि एकरी भाव काय मिळणार हे तुम्हाला ठाऊक असूनही तुम्ही दडवताय असे धरले जाते. कृषी विद्यापीठाचे ठरलात तर त्यातल्या त्यात बरे. बियाणे उगवले का नाही एवढाच प्रश्न येतो, आणि त्यानंतर चहा.

म्हणून उत्तर तयार ठेवावे आणि ते अचूक असावे. "चित्र काढतोय." झाडाकडे बोट दाखवून नुसते "हे काढतोय" म्हणू नये.

"काढा की! हे एवढंच कामून, सगळा धुराच काढा," असे म्हणून हातात खुरपे दिले जाईल.

यानंतरचे प्रश्न ठराविक क्रमाने येतात. याचे काय करणार? याचे पैसे कोण देते? नोकरी कुठे? लेकरे किती? या सगळ्यांची खरी उत्तरे द्यावीत. चित्राचे काही करणार नाही, हे उत्तर सुरुवातीला पटत नाही. मग समोरचा शेजारी उकिडवा बसतो आणि तुमच्या वहीत बघू लागतो. इथून पुढे तुमचे खरे शिक्षण सुरू होते.

"पानं अशी नसतेत. समोरासमोर असतेत ह्याची."

खाली बघा. पाने समोरासमोरच असतील. तुम्ही एक वर एक खाली अशी काढलेली असतील, कारण शाळेपासून प्रत्येक फांदीला तशीच काढत आलात. वाद घालू नका, दुरुस्त करा. हा माणूस ते झाड लहानपणापासून उपटतो आहे. एखादी गोष्ट वर्षानुवर्षे मुळासकट उपटायची तर ती ओळखावी लागते, आणि उपटणाऱ्याची ओळख कौतुक करणाऱ्याच्या ओळखीपेक्षा पुष्कळ पक्की असते.

त्यातही पहिला मान खुरपायला आलेल्या बायकांचा. झाडे ओळखण्याची पुस्तके फुलावर चालतात; पाकळ्या किती, पुंकेसर किती, हे मोजल्याशिवाय ती पुढे सरकत नाहीत. खुरपणाऱ्या बाईला फुलाची वाट बघता येत नाही, तोवर पीक गेलेले असते. सोयाबीनच्या ओळीत बोटभर उंचीचे, दोन पानांवर असलेले रोप बघून तिला ठरवायचे असते: हा माठ, हा कुर्डू, हा केना, हे ठेवायचे, हे भाजीला ओच्यात टाकायचे, हे फेकायचे. हात न थांबवता. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला या परीक्षेला बसवून बघावे. म्हणून वहीत दोन पाने फक्त कोवळ्या रोपांसाठी राखून ठेवा आणि मावशींना विचारून भरा. अशी चित्रे छापील पुस्तकांत फार कमी सापडतात.

पोरे जमली तर ती स्वतःचे चित्र काढा म्हणतात. एकाचे काढले की सगळ्यांचे काढावे लागते. त्याऐवजी वही आणि पेन्सिल त्यांच्याच हातात द्यावी. शाळेतली असली तर ती हिरवा ढग काढतील, शाळेत जाण्याआधीची असली तर काटे काढतील.

नावे आणि पुस्तके

झाडाखाली नाव लिहावे, गाव लिहावे, तारीख लिहावी. सांगणाऱ्याने दिलेले नाव जसे आहे तसे लिहावे. एकाच झाडाला जिंतूरकडे एक आणि पालमकडे दुसरे नाव मिळाले तर दोन्ही ठेवावीत, कोणालाही खोटे पाडू नये.

घरी येऊन पुस्तक उघडणार असाल तर एक इतिहास ठाऊक असावा. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. अनेक दशके महाराष्ट्रातले अभ्यासक त्यावर पोसले गेले. पण परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, इलाख्याच्या बाहेर. अहमदनगर जिल्ह्यातला आघाडा नोंदीत आला, परभणीतला नाही, आणि त्याचे आघाड्याला काही वाटले नाही. मराठवाड्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ यायला १९९८ साल उजाडले; औरंगाबादचे वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन. नाईक यांनी तो दोन खंडांत सिद्ध केला. नवशिक्याने तो लगेच विकत घेऊ नये. आधी वही भरावी, मग ग्रंथ उघडून आपण काय बघितले ते शोधावे. उलटे केले तर ग्रंथात आहे तेवढेच दिसते.

'पण हे सगळे तणच ना?' असे घरचे विचारतील. त्यांना भेंडीची भाजी वाढावी. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात 'परभणी क्रांती' नावाचे भेंडीचे वाण काढले. भेंडीची पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणूने तेव्हा शेतकरी बेजार होते. त्या रोगाला दाद न देण्याचा गुण या वाणात आला तो रानभेंडीकडून. 'पुसा सावनी' या लागवडीच्या भेंडीचा तिच्याशी संकर करून हे वाण तयार झाले. देशभर ज्या भेंडीने परभणीचे नाव नेले, तिच्या घराण्यात एक रानटी आजी आहे. रानभेंडी काढताना फूल मोठे काढा, फिकट पिवळे, घशाशी गडद जांभळे.

कधी जावे

याचे उत्तर पंचांगात नाही, फवारणीच्या वेळापत्रकात आहे. पूर्वी पेरणीपासून काढणीपर्यंत शेतात दोन-तीन खुरपण्या व्हायच्या आणि तणांना मधल्या काळात थोडे आयुष्य मिळायचे. आता मजुरी परवडत नाही आणि माणसे मिळत नाहीत, म्हणून सोयाबीनमध्ये पेरणीनंतर १५ ते २० दिवसांत तणनाशक मारले जाते. त्यात शेतकऱ्याची चूक काढायला चित्रकाराने जाऊ नये. त्याला पीक घ्यायचे आहे, आपल्याला वही भरायची आहे. पण फवारणाऱ्याला कुर्डू कोणता आणि माठ कोणता हे ओळखावे लागत नाही. डब्यावर तणांच्या दोनच जाती छापलेल्या असतात: रुंद पानांची आणि अरुंद पानांची.

तेव्हा जूनअखेर पेरणी झाली असेल तर जुलैच्या पहिल्या आठवड्यातच निघा. पहिली एसटी धरा, रस्त्यालगत जिथे बायका ओळीने खुरपताना दिसतील तिथे उतरा, आणि वही उघडण्याआधी आपण विम्याचे नाही हे सांगून टाका.